फीत कापली, कौलं कोण परतणार?

पेडण्याच्या भूतनाथाला देऊळ हवं आहे. तेही एका रात्रीत. कोजागरीच्या पुनवेला तो रुसून रानाकडे धाव घेतो, अशी गोष्ट सांगतात आणि जमलेली माणसं त्याची समजूत काढतात. बांधू, देवा, बांधू. देव माघारी फिरतो. पुढच्या पुनवेला पुन्हा तोच हट्ट आणि तेच उत्तर.

लोक याला जत्रा म्हणतात. आम्हाला ही पर्वरीतल्या विधानसभा अधिवेशनाची रंगीत तालीम वाटते.

आश्वासन कागदावरही आहे. गोवा राज्याच्या यादीत ५१ संरक्षित स्थळं आहेत. कायदा १९७८ चा. डिचोली आणि पेडणे तालुक्यांच्या वाट्याला त्यातली चांगलीच नावं आली आहेत: हरवळ्याची लेणी, लामगावची लेणी, नार्व्याचा सप्तकोटेश्वर, डिचोलीची नमाजगाह, हळर्णचा किल्ला. संरक्षित म्हटलं की पाटी आली. नासधूस कराल तर शिक्षा होईल, असं ती सगळ्यांना बजावते.

पाऊस पाटी वाचत नाही.

जुनी इमारत टिकवायचं शास्त्र आपल्या आजीला ठाऊक होतं. मे महिन्यात माणूस छपरावर चढला पाहिजे. फुटकी कौलं काढायची, नवी घालायची, उरलेली परतायची, वळचण झाडायची. शाकारणी झाली की मृगाला या म्हणायचं. ती चुकली की पाणी कौलातून रिपेत, रिपेतून वाशात आणि वाशातून भिंतीत उतरतं. चार पावसाळे गेले की पेपरात बातमी येते: ऐतिहासिक वाडा अचानक कोसळला.

चार वर्षं चाललेल्या गोष्टीला 'अचानक' म्हणायला आम्हा पत्रकारांचीच छाती लागते.

आता पैशांकडे वळू. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये ठेवले. टाळ्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या. चारशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाची भरपाई आहे, विनोद नव्हे.

पण जरा नकाशा उघडा. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती गेली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. तोवर देवळं पाडायचा त्यांचा उत्साह मावळला होता. बार्देश, तिसवाडी आणि साष्टीत जे झालं ते नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या या तालुक्यांत, झालं नाही. इथली देवळं उभी राहिली. उलट तिकडचे देव जीव वाचवून इकडेच आले.

मग इथली जुनी देवळं पाडली कोणी?

आम्हीच. तीही वर्गणी काढून.

गावागावांत ही बैठक होते आणि सगळीकडे सारखीच होते. सभामंडपात सतरंजी, समोर महाजन, मधोमध कंत्राटदाराचा रंगीत नकाशा. कोपऱ्यातला एक पोरगा धीर करून विचारतो, "काका, जुने खांब ठेवता येणार नाहीत?" काका चष्मा कपाळावर चढवतात. "बाबा, शेजारच्या गावाने शिखर किती उंच केलंय ते बघितलंस?" पोरगा गप्प बसतो. ठराव एकमताने मंजूर होतो. एकमत म्हणजे पोरगा सोडून सगळे.

मग लाकडी खांब जातात. त्यांच्यावर कोरलेली वेल, हत्ती, दशावतार सगळं जातं. जातं कुठे? जळणात गेलं तर नशीब म्हणायचं. बऱ्याचदा ते जुन्या वस्तूंच्या दुकानात जातं आणि तिथून कुणाच्या तरी बंगल्याच्या दिवाणखान्यात. देवासमोरचा खांब दारूच्या कपाटाशेजारी उभा राहतो. पाहुणे वाहवा करतात.

भिंतीवरच्या कावीचं तर विचारूच नका. चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर हुरमुंजी लाल थर, तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. चुकलं तर खोडरबर नाही. अशी भिंत एका दुपारी छिन्नी-हातोड्याने साफ होते. तिच्या जागी चकचकीत टाइल येते, खाली देणगीदाराचं नाव. टाइल पुसायला सोपी पडते, हा तिचा मोठा धार्मिक गुण.

चिऱ्याचंही तेच. चिरा म्हणजे भोकाभोकाचा दगड. पावसात पाणी पितो, उन्हात सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ये-जा बिनतक्रार चालते. वरून सिमेंट थापलं की आत गेलेलं पाणी आतच राहतं, चिरा आतून भुसभुशीत होतो आणि काही वर्षांनी गिलावा फुगून गळून पडतो. मग तज्ज्ञ सांगतात, बघा, जुनं बांधकाम किती कच्चं होतं! दोनशे पावसाळे काढलेली भिंत कच्ची आणि दहा वर्षांत उकललेलं सिमेंट पक्कं.

कोर्टात ही साक्ष टिकली नसती. देवस्थान समितीत टिकते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. नार्व्याला सरकारने वेगळं करून दाखवलं. सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा देव. मूळ स्थान दिवाडी बेटावर. ते देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं, लिंग नदीपार नार्व्याला आलं, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवलं आणि तसा शिलालेख दारावर बसला. पुरातत्त्व खात्याने ते दुरुस्त केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांना खुलं केलं. ते पाडलं नाही, त्याची उंची वाढवली नाही, संगमरवर घातला नाही. घुमट आणि दीपस्तंभ जागेवर आहेत. पंतप्रधानांनीही कौतुक केलं.

म्हणजे जमतं. कारागीर मिळतात, चुना मिळतो, पैसा मिळतो, इच्छाही मिळते. अट एवढीच, शिलालेखावर छत्रपतींचं नाव हवं.

ज्यांच्या शिलालेखावर ते नाही, त्यांनी काय करायचं? रांगेत उभं राहायचं. रांग कुठे आहे, ते विचारू नका.

उदाहरणार्थ डिचोलीची नमाजगाह. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. १६८३ च्या सुमारास त्याचा मुक्काम डिचोलीत होता आणि नमाजगाह त्या मुक्कामाची खूण मानली जाते. म्हणजे ही मराठ्यांच्याच राजकारणाची वास्तू झाली. औरंगजेबाचा मुलगा आपल्या बाजूला ठेवणं ही काही लहान चाल नव्हे. 'छावा' सिनेमात हा अकबर आहे. लोकांनी तिकीट काढून पाहिला, डोळे पुसले.

डिचोलीत त्याची खूण फुकट आहे. पण तिथे पॉपकॉर्न मिळत नाही.

उत्तरेच्या टोकाला जाऊ. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १९५४ आणि १९५५ मध्ये सत्याग्रही तिथे तिरंगा घेऊन घुसले, काहींनी जीव गमावला. देश स्वतंत्र, गोवा मुक्त, किल्ला आपला. मग आपण त्याचं काय केलं?

हॉटेल.

खोल्यांना आठवड्याच्या वारांची नावं दिली होती. सोमवार, मंगळवार, बुधवार. हुतात्म्यांची नावं सुचली नसावीत. पाहुण्यांना उच्चारायला जड गेली असती, हेही खरं.

हळर्णची कथा आणखी मजेदार. किल्ला भोसल्यांचाच. १७४६ मध्येच पडला. जिंकणारा व्हाइसरॉय इतका खूश झाला की हळर्णचं नाव आपल्या पदवीत घालून 'मार्केस द आलोर्न' झाला. पुढे पोर्तुगालच्या इतिहासात त्या घराण्याने नाव काढलं. पेडणे तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावाचं नाव लिस्बनच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या मिरवलं. ते नाव मडगावच्या बसस्टँडवर सांगा. "हळर्ण? ते खंय आयलें?" असं विचारतात.

सरकारी कौशल्याबद्दल शंका घेणं सोपं आहे, म्हणून आम्ही घेत नाही. नुसत्या घटना सांगतो. पणजीत पाटोवर राज्य संग्रहालयाची इमारत १९९६ मध्ये थाटात सुरू झाली. वीसेक वर्षांत ती धोकादायक ठरली आणि वस्तू हलवाव्या लागल्या. कुठे हलवल्या? आदिलशाही राजवाड्यात. म्हणजे पाचशे वर्षांच्या इमारतीने वीस वर्षांच्या इमारतीला आसरा दिला.

पणजीतल्याच कला अकादमीचं नूतनीकरण चाललं होतं तेव्हा तत्कालीन कला व संस्कृती मंत्र्यांनी २०२२ मध्ये विधानसभेत थेट शहाजहानचा दाखला दिला. त्याने ताजमहालासाठी कुठे कोटेशनं मागवली होती? वर्षभराने, जुलै २०२३ मध्ये, अकादमीच्या खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला.

ताजमहालाचं छत अजून आहे.

शेजारी डोकावायचं तर मालवण. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी पुतळा कोसळला. पुढ्यात समुद्रात महाराजांनी स्वतः बांधवून घेतलेला सिंधुदुर्ग. साडेतीनशे वर्षं लाटा खातोय आणि उभा आहे. तिथेही कोणी उद्घाटनाच्या तारखेची घाई केली असती तर?

आता खासगी वाड्यांकडे येऊ. इथे टवाळी करताना हात जरा आखडतो, कारण गुंता खरा आहे.

गोव्याच्या समान नागरी कायद्याचं देशभर कौतुक होतं. मूळ १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. मुलगा-मुलगी समान, बापाला मनात येईल तसं कुणाला बेदखल करता येत नाही. उत्तम कायदा. पण चार पिढ्यांनंतर एका वाड्याला साठ-सत्तर वारस होतात. एक मुंबईला, एक बेळगावला, एक दुबईला, दोघं इंग्लंडात स्विंडनला. उरलेल्यांचं आपापसात बोलणं बंद. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, सुरू आहे आणि ते सुरू ठेवणारा वकील आता त्या वकिलाचा मुलगा आहे.

कौलं कोणी परतायची? ज्याने परतली तो मालकी सांगतोय, असा बाकीच्यांना संशय. म्हणून कुणीच परतत नाही. राजांगणात तुळस उभी असते आणि तिच्या भोवतीचं घर बसत जातं. वाड्याचा साठावा हिस्सा म्हणजे नेमकं काय? एक दार, दीड खिडकी आणि थोडी वाळवी.

मये गावात तर हिस्स्याचाही प्रश्न नव्हता. मुक्तीनंतर इथली जमीन 'निर्वासितांची मालमत्ता' ठरली आणि सरकारच्या ताब्यात गेली. माणसं पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिली, घर त्यांचं नव्हतं. हक्कासाठी त्यांना दशकानुदशकं झगडावं लागलं. अशा माणसाला वारसा जपायचा सल्ला देणारा पाहुणा शहरातूनच यावा लागतो.

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. पेडणे तालुक्यातल्या दगडालाही भाव आला. त्याच वर्षी नगरनियोजन खात्याने पेडण्याच्या झोनिंगचा मसुदा आणला. लोक रस्त्यावर उतरले. इतके उतरले की सत्ताधारी आमदारही त्यांच्या मागोमाग उतरले आणि मसुदा मागे घ्यावा लागला. लोक जागे झाले तर काय होतं याचा हा नमुना. मसुदे मात्र झोपत नाहीत, कूस बदलतात.

आणि विकत घेणारे? दिल्लीवाले, मुंबईवाले. त्यांना आपण येता-जाता शिव्या देतो. पण एक कबूल करू या का? पडका वाडा घेतलेली ती दिल्लीची बाई गवंड्याला पहिला प्रश्न विचारते, चुना कुठे मिळेल? ती जुनी कौलं धुऊन परत चढवते. वासे तेल लावून ठेवते. ज्या घराला सख्खे वारस स्लॅब घालणार होते, ते परक्या बाईने वाचवलं.

मग ती राजांगणात पोहण्याचा तलाव खणते. शेवटी पैसे तिचे.

डिचोलीत वेगळीच तऱ्हा. इथे जमिनीच्या वर वारसा आणि खाली लोहखनिज. २०२२ मध्ये डिचोलीतला पहिला खाण ब्लॉक लिलावात गेला. मुळगाव, शिरगाव, मये इथले लोक तेव्हापासून सांगताहेत की आमची घरं, देवळं, तळी या लीजच्या हद्दीतून वगळा. त्यांनी निवेदनं दिली, ट्रक अडवले. देऊळ जपा म्हणून भाषण देणारं खातं वेगळं आणि देवळाखालची जमीन लीजवर देणारं खातं वेगळं. दोन्ही खाती एकाच सरकारची.

 

बाकी, झटणारे आहेत. राजेंद्र केरकर वर्षानुवर्षं गावोगावच्या देवराया, पाषाणमूर्ती आणि लेणी धुंडाळून लिहितात. प्रजल साखरदांडे विद्यार्थ्यांना घेऊन भग्न वास्तू दाखवत फिरतात. त्यांच्याखेरीज गावात दोन-चार पोरं असतातच. ती मोबाईलवर फोटो काढतात, माहिती अधिकारात अर्ज टाकतात, ग्रामसभेत उभी राहतात. ग्रामसभा रविवारी. रविवारी मासळी उशिरा मिळते, त्यामुळे गणसंख्या जमेपर्यंत निम्मे घरी गेलेले.

या लोकांना आपण काय देतो? शाल आणि श्रीफळ. व्यासपीठावर बसवतो, गौरव करतो, माईक देतो. त्यांनी मंडपाच्या सिमेंटचा विषय काढला की वेळ संपते.

जुन्या गोव्याचं बघा. तिथली चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत. तरीही २०२१ मध्ये संरक्षित परिसरात उभ्या राहिलेल्या बंगल्याविरुद्ध लोकांना रस्त्यावर बसावं लागलं, उपोषणं करावी लागली. ज्या जागेला युनेस्कोचं छत्र आहे तिथे ही स्थिती. मग पेडण्याच्या बाजारातल्या दीडशे वर्षांच्या दुकानाने कोणाकडे बघायचं? त्याच्या छत्रीलाही भोक आहे.

पणजीतल्या फोंताइनशशी तुलना करून उपयोग नाही. तिथे भिंतींना पिवळा-निळा रंग आहे आणि त्यापुढे उभं राहून फोटो काढणाऱ्यांची झुंबड आहे. इतकी, की वैतागलेल्या रहिवाशांनी फोटो काढू नका असे फलक लावले. डिचोलीच्या जुन्या घरांना अशा पाटीची गरज पडत नाही. तिथे कुणी फोटो काढतच नाही. आणि ज्या भिंतीचा फोटो निघत नाही, तिचा प्रस्तावही निघत नाही.

मागणी तशी किरकोळ आहे. यादीतल्या प्रत्येक वास्तूवर आणि मागेल त्या प्रत्येक जुन्या देवळावर, वाड्यावर दर मे महिन्यात दोन गवंडी, एक सुतार, शे-दोनशे कौलं आणि चुन्याची पोती. समित्यांना एकच अट घाला: पाडायच्या आधी चुना जाणणाऱ्या एका माणसाला दाखवा. वारसांना एक मुभा द्या, की कौल परतल्याने कुणाचा हिस्सा वाढत नाही आणि कमीही होत नाही.

खर्च इतका थोडा, की त्याची कोनशिलाही बसवता येणार नाही. घोडं तिथेच पेंड खातं. कोनशिला नाही म्हणजे कार्यक्रम नाही, कार्यक्रम नाही म्हणजे मंत्री नाही आणि मंत्री नाही म्हणजे निधी नाही.

तर आमचा साधा प्रस्ताव. पुढच्या मेमध्ये मंत्रिमहोदयांनी स्वतः शिडीवर चढावं. फोटोग्राफर आम्ही आणतो, शिडी महाजन धरतील. फीत हवीच असेल तर वरच्या वाशाला बांधून ठेवू. कापायच्या आधी तेवढी चार कौलं परतून घ्या.